गांज्याचा रकाना आणि अफूची गोळी : जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील व्यसनाचे मोजमाप

अमली पदार्थांच्या व्यसनासंबंधी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात : व्यसन किती पसरले आहे, आणि त्यापासून होणारा अपाय किती गंभीर आहे. हे दोन्ही प्रश्न वरकरणी वैद्यकाच्या व समाजशास्त्राच्या क्षेत्रातील वाटतात. परंतु त्यांची उत्तरे ज्या आकड्यांवर उभी असतात, ते आकडे कोणी तरी, कोठे तरी, काही हेतूने लिहून ठेवलेले असतात. आकडा कोणी लिहिला, कोणाला विचारून लिहिला आणि कशासाठी लिहिला हे तपासणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे.

प्रस्तुत लेखात जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या प्रदेशातील, गांजा व अफू या दोन पदार्थांच्या नोंदीचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गांजाचा अपाय सरकारी कागदांत वाजवीपेक्षा अधिक दिसत होता, आणि त्याच काळात अफूचा एक अत्यंत घातक वापर त्याच कागदांत जवळजवळ दिसतच नव्हता. या दोन्ही चुकांचे कारण एकच आहे. ज्याचा इतरांना उपद्रव होतो त्याची नोंद होते. जो स्वतः निमूटपणे सोसतो त्याची होत नाही.

१. महसुलाची चौकट

तिसरे रघूजी भोसले १८५३ साली निपुत्रिक वारले व त्यांचे राज्य कंपनी सरकारने खालसा केले. १८६१ साली मध्यप्रांत हा स्वतंत्र प्रांत निर्माण झाला. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले होते. १९०३ साली त्याचा कारभार मध्यप्रांताशी जोडण्यात आला. या दोन्ही भागांत मादक पदार्थांचे नियमन अबकारी खात्याकडे असे. 'अबकारी' हा शब्द मुळात फारसी असून त्याचा मूळ संबंध दारू गाळण्याच्या धंद्याशी आहे. म्हणजे खात्याच्या नावातच दारू होती. अफू व गांजा हे विषय त्याच नावाखाली आले. पुढे या प्रश्नाकडे पाहण्याची लोकांची दृष्टीही बरीचशी अशीच राहिली, हे यथाक्रम दिसून येईल.

अफूच्या बाबतीत १८७८ चा अफूचा कायदा हा मुख्य आधार होता. परवान्याशिवाय अफूची लागवड, साठवण, वाहतूक व विक्री करणे या कायद्याने गुन्हा ठरले. प्रांताच्या उत्तरेस लागूनच माळव्याची संस्थाने होती आणि माळवी अफू सर्व हिंदुस्थानात प्रसिद्ध होती. गांजाची लागवड मध्यप्रांतात केवळ निमाड जिल्ह्यातील खंडवा तहशिलीत, परवानाधारक शेतकऱ्यांकडूनच होऊ दिली जाई. तयार माल खंडव्याच्या सरकारी कोठारात जमा होई व तेथून ठोक व्यापाऱ्यांमार्फत निरनिराळ्या जिल्ह्यांत जाई. किरकोळ विक्रीचे हक्क लिलावाने दिले जात. मालावर वजनानुसार कर आणि दुकानावर लिलावाची रक्कम असे सरकारचे दुहेरी उत्पन्न होते.

या व्यवस्थेचे घोषित तत्त्व 'कमीत कमी खप, जास्तीत जास्त महसूल' असे होते. तत्त्व म्हणून त्यात दोष काढणे कठीण आहे. तथापि व्यवहारात खप मोजला जाई तो महसुलाच्या वहीत. किती शेर माल कोठारातून बाहेर पडला हे या वहीवरून कळते. तो कोणाच्या हाती गेला, कोणत्या वयाच्या माणसाने घेतला, एकदा घेतला की रोज घेतला, हे कळत नाही. शेजारच्या संस्थानांतून चोरून आलेला माल तर तीत येतच नाही. कर वाढविल्यावर वहीतील खप कमी झाला, तर व्यसन कमी झाले की चोरटा माल वाढला, हे नुसत्या आकड्यावरून ठरविता येत नाही. अबकारी अहवालांतील खपाच्या आकड्यांवरून व्यसनाचे अनुमान काढणाऱ्याने ही मर्यादा प्रथमच ध्यानात घ्यावी.

२. गांज्याचा रकाना

महसुलाच्या वहीखेरीज व्यसनाची नोंद आणखी एका ठिकाणी होत असे, आणि ते म्हणजे वेड्यांचे इस्पितळ. नागपूरचे असे इस्पितळ १८६४ साली स्थापन झाले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय हा त्याचाच वारसा होय. या काळातील इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत रोग्यांच्या वेडाच्या कारणांचे कोष्टक असे. 'गांजा' हे त्या कोष्टकातील एक ठरीव कारण होते आणि त्यापुढील आकडा सहसा मोठा असे.

हा आकडा कसा तयार होई, हे पाहण्यासारखे आहे. रस्त्यात भटकताना किंवा दंगा करताना सापडलेल्या मनुष्यास पोलीस न्यायाधीशापुढे नेत. तेथून त्याची रवानगी इस्पितळात होई. त्याच्यासोबत माहितीचा एक तक्ता जाई, आणि त्यात वेडाचे कारण लिहिण्यासाठी रकाना असे. तक्ता भरणारा हा बहुधा पोलीस कर्मचारी. रोगी परगावचा, नातलग जवळ नाहीत, पूर्वायुष्य अज्ञात. रकाना मात्र रिकामा ठेवता येत नाही. मनुष्य बैरागी असला, त्याच्याजवळ चिलीम सापडली किंवा कोणी तो गांजेकस असल्याचे सांगितले, की रकान्यात 'गांजा' लिहून काम पुरे होई. इस्पितळातील अधिकारी हेच कारण आपल्या पुस्तकात उतरवून घेत आणि वर्षअखेर त्याची बेरीज होई. शेवटी जे शास्त्रीय आकड्याच्या रूपाने छापले जाई, त्याचे मूळ अनेकदा पोलीस ठाण्यातील एका तर्कात असे.

गांजा व वेड यांच्या संबंधाची चौकशी हिंदुस्थान सरकारने १८७१ ते १८७३ या काळात एकदा केली होती. परंतु प्रश्नाला खरी चालना ब्रिटिश पार्लमेंटमधून मिळाली. २ मार्च १८९३ रोजी कॉमन्स सभेत मद्यपाननिषेधाचे कार्यकर्ते विल्यम स्प्रोस्टन केन यांनी बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. परिणामी त्याच वर्षी भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. मध्यप्रांताच्या दृष्टीने विशेष म्हणजे आयोगाचे एक सभासद ए. एच. एल. फ्रेझर हे याच प्रांताच्या सेवेतील अधिकारी होते. पुढे १८९९ मध्ये ते प्रांताचे चीफ कमिशनर झाले. सभासदांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग व लाला निहालचंद हे तीन हिंदी गृहस्थही होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ साली आपला अहवाल सादर केला.

आयोगाने केलेले सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील आकड्यांची फेरतपासणी होय. १८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातील या इस्पितळांत १,३४४ रोगी दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण म्हणून भांग-गांजा या वर्गातील पदार्थांची नोंद होती. आयोगाने या रोग्यांचा पूर्वेतिहास त्यांच्या गावी व नातलगांकडे चौकशी करवून तपासला. २२२ पैकी केवळ ९८ जणांच्या बाबतीत या पदार्थांचा संबंध मान्य करण्यासारखा आढळला. आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत दुसरे कारण जोडीला होते. निखळ गांजामुळे वेड लागले असे म्हणण्याजोगे ६१ रोगी उरले. एकूण रोग्यांशी पाहता सुमारे साडेसोळा टक्क्यांचे प्रमाण साडेचार टक्क्यांवर आले.

एका रकान्याच्या तपासणीने आकडा चतुर्थांशाच्या जवळ यावा, ही गोष्ट संशोधनपद्धतीच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. परंतु आयोगाच्या कामाची स्तुती करून येथेच थांबता येत नाही. आयोगाचा निष्कर्ष असा होता की, या पदार्थांच्या माफक सेवनापासून म्हणण्यासारखा अपाय होत नाही, अतिसेवन मात्र घातक असते, आणि अतिसेवन करणारे तुलनेने थोडे असतात. म्हणून बंदीची आवश्यकता नाही. लागवडीवर नियंत्रण, परवाने व योग्य कर यांनी सेवनास आळा घालावा. सरकारच्या चालू धोरणाशी हा निष्कर्ष सोयीस्कर रीतीने जुळणारा होता. 'माफक' कोणते व 'अति' कोणते, हे मुख्यतः साक्षीदारांच्या मतावर सोडले गेले. दीर्घ काळ एकाच माणसाचे निरीक्षण करण्याचे साधन आयोगाजवळ नव्हते. आजचे वैद्यक या बाबतीत अधिक सावध आहे. किशोरवयापासून व तीव्र मात्रेत गांजा घेणाऱ्यांत मनोविकृतीचा धोका वाढतो, असे गेल्या काही दशकांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. यावरून ठाण्यातील तर्क बरोबर होता असे ठरत नाही. तसेच १८९४ चा दिलासाही पूर्ण होता असे ठरत नाही.

३. अफूची गोळी

याच वर्षांत अफूसंबंधीही एक राजकीय आयोग काम करीत होता. लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील हा आयोग १८९३ साली नेमला गेला व १८९५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातील लोक अफू खातात, ओढत नाहीत. बहुतेक जण ती औषधासारखी माफक प्रमाणात घेतात. सबब बंदीची जरूर नाही, असा बहुमताचा अभिप्राय पडला. हेन्री विल्सन या सभासदाने त्यास विरोधी टिपण जोडले. चीनकडे होणाऱ्या निर्यातीचे उत्पन्न पाहता बहुमताचा निर्णय अनपेक्षित नव्हता.

अफू खाणारा प्रौढ मनुष्य आणि त्याचे शरीर हा या चर्चेचा केंद्रबिंदू होता. परंतु अफूचा एक वापर असा होता की ज्यात घेणाऱ्याची इच्छा हा प्रश्नच नव्हता. तो वापर म्हणजे तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल. आई कामावर गेली असता मूल रडू नये, झोपून राहावे, म्हणून अफूचा कण किंवा अफू घातलेली गोळी त्यास चाटविली जाई. मुंबईत अशा गोळीस 'बाळगोळी' म्हणत. ही चाल निष्ठुरपणाची निदर्शक समजणे अन्यायाचे होईल. ज्या घरात मुलाला सांभाळणारे दुसरे कोणी नाही आणि आईची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही, त्या घरातील तो नाइलाजाचा उपाय होता. अंगदुखी, हगवण, खोकला यांवर मोठी माणसे घेत तेच औषध मुलालाही थोडे देण्यात काही वावगे आहे, असे त्या आईस वाटण्याचे कारण नव्हते.

त्याचे परिणाम मात्र भयंकर होते. अफूने भूक मंदावते, मूल दूध कमी पिते, कोठा बद्ध होतो व त्याची वाढ खुंटते. रोजची सवय झाल्यावर तेवढ्याच मात्रेने मूल झोपत नाही, म्हणून मात्रा वाढवावी लागते. ती न दिली तर ते तळमळते व अधिकच रडते, आणि त्यामुळे देणाराची खात्री पटते की अफू आवश्यकच आहे. मात्रा थोडी अधिक झाली तर श्वास मंदावून मूल झोपेतच दगावते. व्यसनाची सर्व लक्षणे येथे आहेत. फक्त व्यसनी मनुष्यास बोलता येत नाही.

या मृत्यूंची नोंद कोठे झाली? मध्यप्रांतातील खेड्यांत जन्ममृत्यूची खबर कोतवाल पोलीस ठाण्यावर देई. मृत्यूच्या कारणांचे रकाने थोडेच होते : पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात आणि इतर. अफूने कृश झालेले मूल ज्वराच्या एखाद्या लहानशा झटक्याने गेले तर ते 'ताप' या रकान्यात जाई. पोट बिघडून गेले तर 'हगवण' या रकान्यात. झोपेत गेले तर 'इतर' कारणांत. कोतवाल खोटे सांगत नसे. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे तो जमेल तसे उत्तर देई. पण अफूसाठी रकानाच नव्हता. एकीकडे वेड्यांच्या इस्पितळात 'गांजा' हा रकाना अज्ञान झाकण्यासाठी भरला जात होता, आणि दुसरीकडे मुलांच्या मृत्यूची खरी हकीकत रकान्याच्या अभावी 'ताप' या शब्दात विरून जात होती.

कापसाच्या व्यवसायाने हा प्रश्न अधिक तीव्र केला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, आणि पुढे येथे इतरही कापड गिरण्या उभ्या राहिल्या. शेतात निंदणास किंवा वेचणीस जाणारी स्त्री मुलाला झोळीत घालून धुऱ्यावरच्या झाडाखाली ठेवू शके. गिरणीच्या पाळीवर जाणारीस तसे करता येत नसे. मजुरीच्या ठिकाणचा व घराचा संबंध तुटला, म्हणजे मूल आणि आई यांच्यामध्ये कित्येक तासांचे अंतर पडले. ते अंतर अफूच्या गोळीने भरून काढले जात होते, हे प्रथम पुराव्यानिशी पुढे आले ते मुंबईत. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची बाळंतपणाच्या आगेमागे पाहणी करून १९२२ साली आपले निष्कर्ष मांडले. कामगार स्त्रियांच्या बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जाते, असे त्यांना आढळले. दवाखान्यात बसून आलेल्या रोग्याची नोंद न करता त्या चाळीतील खोल्यांत गेल्या व त्यांनी आयांना विचारले. सत्तर वर्षांत अबकारीच्या वह्यांत जे दिसले नव्हते ते एका वेगळ्या प्रश्नाने दिसू लागले.

जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील कामगारविषयक राजकीय आयोग १९२९ साली नेमला गेला व त्याचा अहवाल १९३१ मध्ये आला. मध्यप्रांत-वऱ्हाडातील साक्षीपुराव्याचा स्वतंत्र खंड या आयोगाने प्रसिद्ध केला, आणि मुलांना अफू देण्याच्या चालीचीही त्याने दखल घेतली. मध्यप्रांतात १९३० साली प्रसूतिसाह्याचा कायदा झाला होता. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली राखून ठेवण्यास भाग पाडण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. अफूचे दुकान बंद करण्याइतकेच पाळणाघर उघडणे हेही व्यसनप्रतिबंधाचे साधन आहे, हा विचार या तरतुदींच्या मुळाशी होता. आणि व्यसनाच्या इतिहासात त्याचे महत्त्व सहसा मांडले जात नाही.

४. चळवळीला दिसलेले व्यसन

सरकारी कागदांतील ही उणीव लोकचळवळीने भरून काढली काय? काही अंशीच. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन भरले व असहकाराचा ठराव कायम झाला. त्यानंतरच्या वर्षी नागपुरात दारूच्या दुकानांवर निरोधने झाली. दुकान ही डोळ्यांना दिसणारी वस्तू होती. तिचा लिलाव सरकार करीत होते. तिच्यापुढे उभे राहणे म्हणजे सरकारच्या उत्पन्नापुढे उभे राहणे होते. राजकीय दृष्ट्या ही निवड योग्यच होती. पुढे १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडचा मद्यनिषेधाचा कायदा झाला. संत गाडगेबाबा व राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनी व्यसनाविरुद्ध गावोगाव जे लोकशिक्षण केले, त्याचा प्रभाव विदर्भात सर्वपरिचित आहे.

तथापि राजकीय चळवळीचा रोख मुख्यत्वे दारूवर राहिला. घरातील उतरंडीत किंवा कनवटीला असलेली अफूची गोळी निरोधनाच्या टप्प्यात येत नव्हती. अफूच्या बाबतीत बदल घडला तो पुष्कळसा आंतरराष्ट्रीय दडपणातून. १९१२ चा हेग येथील व १९२५ चा जिनीव्हा येथील करार, १९२६ मध्ये अवैद्यकीय उपयोगासाठी होणारी निर्यात दहा वर्षांत बंद करण्याची हिंदुस्थान सरकारची घोषणा आणि १९३० चा धोकादायक औषधांचा कायदा हे त्याचे टप्पे होत. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने दहा वर्षांत अवैद्यकीय सेवन बंद करण्याचे ठरविले. त्यानुसार १९५९ पासून नोंदणी झालेल्या व्यसनींखेरीज इतरांना अफू मिळणे बंद झाले.

५. आजच्या अभ्यासकास

१४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा कायदा अमलात आला आणि जुने अफूविषयक कायदे रद्द झाले. या कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी घातली; शेंड्यावेगळी नुसती पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली, म्हणून भांगेचा विषय राज्यांकडे राहिला. १८९४ च्या आयोगाने ज्या तीन पदार्थांचा वेगवेगळा विचार केला होता, त्यांतील सीमारेषा अशा रीतीने आजच्या कायद्यातही टिकून आहे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी मनुष्यास खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलमही या कायद्यात आहे.

पदार्थ आता बदलले आहेत. १९८० नंतर गर्द आले. मेफेड्रोन हे रासायनिक द्रव्य २०१५ साली कायद्याच्या यादीत घालावे लागले. परंतु वृत्तपत्रांतून व्यसनाच्या प्रसाराचा जो आकडा दिला जातो तो बहुधा पकडलेल्या मालाचा किंवा दाखल झालेल्या गुन्ह्यांचा असतो. असा आकडा प्रथम पोलिसांच्या कामाचे माप आहे आणि नंतर, झालेच तर, व्यसनाचे. ठाण्यातील तक्त्याचे दिवस संपले असे म्हणण्याची घाई अभ्यासकाने करू नये.

प्रत्यक्ष घरोघर विचारून केलेल्या पाहणीने चित्र कसे बदलते, याचे उदाहरण २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीत मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने ती केली. सुमारे दोन लाख घरांत जाऊन १० ते ७५ वयाच्या व्यक्तींना विचारण्यात आले. आधीच्या वर्षभरात दारू घेणारे १४.६ टक्के, भांग-गांजा-चरस घेणारे २.८ टक्के आणि अफूवर्गातील पदार्थ घेणारे २.१ टक्के आढळले. अफूवर्गातील पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ७७ लाख निघाली. या पाहणीतील एक बाब प्रस्तुत विषयाशी विशेष निगडित आहे. हुंगावयाची द्रव्ये हा एकच वर्ग असा निघाला की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक होते : प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के. ही द्रव्ये दुकानात उघड मिळतात, त्यांवर अबकारी कर नाही, त्यांच्या मागे मोठी टोळी नाही. बाळगोळीप्रमाणेच ती रकान्याबाहेर राहण्याजोगी आहेत. आणि दहा वर्षांखालील मूल तर या पाहणीच्याही कक्षेबाहेर राहते.

मराठीत 'अंमल' हा शब्द राज्यकारभार आणि कैफ या दोन्ही अर्थांनी चालतो. या प्रांताच्या इतिहासात हे दोन अंमल एकमेकांशी निगडित होते : एकाने दुसऱ्याची नोंद ठेवली, त्यापासून उत्पन्न घेतले आणि आपल्या सोयीने त्याचा अपाय कधी वाढवून, कधी घटवून दाखविला. नागपूर विभागातील जिल्हा अभिलेखागारांत अबकारीची, इस्पितळांची व जन्ममृत्यूची जी कागदपत्रे उपलब्ध होतील, ती स्वतंत्रपणे न वाचता एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत, अशी सूचना येथे करावीशी वाटते. गिरणीवस्त्यांतील बालमृत्यू, अफूच्या दुकानांची ठिकाणे आणि पाळणाघरांच्या स्थापनेचे काळ यांचा मेळ घातला तर, ज्यांना बोलता आले नाही त्या व्यसनींचा इतिहास काही प्रमाणात तरी हाती लागेल. असे काम एखाद्या विद्यार्थ्याने अंगावर घेतल्यास प्रस्तुत लेखाचा हेतू सफल होईल.